मराठी घरांतली मतं

परदेशातल्या आमच्या मिल्टन गावात मी स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहिले. मला खरंच निवडून यायचं होतं, पण अनोळखी दारांची बेल वाजवायचा धीर होईना, म्हणून मी फक्त मराठी घरांत गेले. सगळीकडे चहा मिळाला आणि "मत तुलाच" हे आश्वासनही.

मतदानाच्या आदल्या दिवशी एका काकूंना मतदान केंद्राचा पत्ता सांगायला गेले, तर त्या हसल्या. "अगं, आम्ही अजून सिटिझन कुठे झालोय? आपल्यातले बहुतेक पीआरवरच आहेत, नुसता कायम राहायचा परवाना. आम्हाला मत नसतं."

"मग हो का म्हणालात?"

"दारात आलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं?"

खिडकीतून समोरच्या घरांची रांग दिसत होती. तिथे मी एकदाही गेले नव्हते.

"बस, चहा टाकते," काकू म्हणाल्या.

मी बसले.