करुणाच्या टेबलावरची चौकशी

करुणा पिशोरच्या शाळेत माझ्या वर्गात होती. आता चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामगारांची सगळी कागदपत्रं तिच्या ताब्यात असतात. कुणाचा पत्ता, कुणाचा आजार, कुणाचं बायकोशी वेगळं राहणं, सगळं तिला ठाऊक. चेहरा मात्र असा, जणू ती आजच कामाला लागली आहे.

पोलिसांना ती घाबरत नाही आणि त्यांच्याशी भांडतही नाही. पत्र आणा, त्यावर ठाण्याचा शिक्का आणि प्रकरणाचा नंबर असू द्या, एवढंच तिचं म्हणणं. मागच्या उन्हाळ्यात एका कामगाराची एका दिवसाची हजेरी मागणारं पत्र आलं. तिनं ती दुपारच्या आत दिली. आदल्या दिवसाची विचारली, तेव्हा दुसरं पत्र मागितलं.

परवा नानासाहेब हवालदार आले. अंगावर वर्दी, पण हातात कागद नाही.

"ताई, तो प्रेस मशीनवरचा शिवम. त्याची जरा माहिती पाहिजे. चौकशी चालू हाय."

"कशाची?"

"ते गोपनीय असतं."

"आमच्याकडचंही तसंच असतं. चहा घेता?"

चहा येईपर्यंत पोलीस आल्याची बातमी मॅनेजर इंद्रजीत साहेबांपर्यंत गेली. शिवम चार वर्षं कंत्राटावर होता आणि त्याला कायम करण्याच्या कागदावर साहेबांची सही त्याच दिवशी व्हायची होती. साहेब दारात येऊन म्हणाले, "करुणा, शिवमचा कागद राहू दे. पोलीस उगाच येत नाहीत."

करुणा उठली. तिनं साहेबांना खुर्ची दिली आणि हवालदारांकडे वळली. "मामा, पत्र नाही तर नाही. काय काय हवंय ते तरी सांगा."

नानासाहेब खुलले. "राहतो कुठं? खोलीत एकटाच का? गुटखा खातो का? रात्रपाळी असती का? बहिणी किती, त्यांची लग्नं उरकली का?"

करुणानं पेन खाली ठेवलं. "बहिणींची लग्नं कोणत्या कलमात बसतात, मामा?"

हवालदारांनी उरलेला चहा बशीत ओतला.

"मुलगी कोण तुमची?" करुणानं विचारलं.

"भाची. गंगापूरची, मेघा." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ह्याचं स्थळ आलंय. पाहुण्यांत विचारलं तर समदे गोडच सांगतात. कंपनीत खरं कळंल म्हटलं. अन् साध्या कपड्यात आलो असतो तर तुम्ही गेटवरच थांबवलं असतं."

"म्हणजे गुन्हा वगैरे?"

"नाय हो. पोरगं लई सरळ हाय असं ऐकलंय."

"जरा मोठ्यानं सांगा. साहेबांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं."

साहेबांचे दोन्ही कान धडधाकट होते. हवालदारांनी पुन्हा सांगितलं. साहेबांनी मुकाट्यानं कागद ओढला, सही केली आणि काही काम आठवल्यासारखे निघून गेले.

"आता तरी सांगा ताई, गुटखा..."

"मी नाही सांगणार. तो यायला तयार असेल तर बोलावते."

तिनं शिवमला फोनवर सगळं सांगितलं. तो हाताचं ग्रीस पुसत आला. कॅन्टीनमधून पोहे आले आणि मुलगा दाखवण्याचा कार्यक्रम करुणाच्या टेबलावर पार पडला. शिवमनं खाली मान घालून सगळी उत्तरं दिली. गुटखा आधी खात होता, आता सोडलाय, हेही सांगितलं. मग हळूच विचारलं, "मुलगी काय शिकलीय?"

हवालदारांनी लगेच मोबाइल काढला. "थांब, फोटोच बघ. नंबरबी देतो."

"मामा," करुणा म्हणाली, "हे द्यायचं का, मेघाला विचारलंय?"

नानासाहेब मोबाइल घेऊन बाहेर गेले. आत त्यांचाच आवाज येत होता. "व्हय... अगं वर्दीतच आलो... ऐकून तर घे..." नंतर बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय."

परतले ते कपाळ पुसत.

"फोटो द्यायचा नाय म्हणती. रविवारी सोताच येऊन बघती म्हणती." त्यांनी टोपी उचलली. "अन् मामाला संगं आणणार नाय म्हणती."