ऑफिसच्या ग्रुपवर

म्हैसूरच्या आमच्या ऑफिसात एक वयस्कर सहकारी आहेत, ते माझ्या मागच्या टेबलावर बसतात. दुपारी मान पुढे काढून विचारतात, "ऊटा झाला का रे?" मी जेवलो म्हटलं तरी डब्यातलं लिंबाचं लोणचं पुढे करतात. ग्रुपवर मात्र हाच माणूस कुणालाही वाटेल ते लिहितो. ढोंगी असते, तर मला सोपं गेलं असतं.

परवा सरगूरहून आलेल्या नव्या मुलीला त्यांनी ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, "डोकं घरी ठेवून येता का?" ती टेबलाशीच रडू लागली. पाणी घेऊन सगळ्यांत आधी तेच धावले.

"काय झालं, पुट्टी? कोण काय बोललं पोरी?"

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आपलंच वाक्य सावकाश वाचलं.

"एवढंच होय! मला वाटलं, घरी कुणी गेलं."