एकोणचाळीस सेकंदांपैकी नऊ

श्रीधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी रेकॉर्ड प्लेअरचे फेरे मोजत होतो. रविवारची सकाळ होती, साडेनऊ वाजले असतील. मशीन त्याचं, पण आठ दिवसांपूर्वी त्यानेच ते माझ्याबरोबर कोपरीहून डोंबिवलीला पाठवलं होतं. रेकॉर्डच्या लेबलला कागदाचा एक तुकडा चिकटवला होता, हातात स्टॉपवॉच होतं. मशीनचा वेग बरोबर असेल तर तबकडीचे शंभर फेरे बरोबर तीन मिनिटांत होतात. सदुसष्टपर्यंत आलो आणि फोन वाजला. मीनावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले... चहा घेतला, पेपर मागितला आणि गेले." मी सुई उचलून ठेवली. पुढचे तेहतीस फेरे मी जवळजवळ तीन आठवड्यांनी मोजले. ते आधीच मोजायला हवे होते. निदान वीस वर्षं आधी. ते का मोजले नाहीत हे सांगितल्याशिवाय श्रीधरबद्दल काही लिहिणं खोटं ठरेल.

आमची ओळख ठाणे स्टेशनबाहेर फूटपाथवर जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्याकडे झाली. मी एका ख्यालाच्या रेकॉर्डची घासाघीस करत होतो. शेजारी उभा असलेला उंच, शिडशिडीत माणूस तीच रेकॉर्ड उन्हात तिरकी धरून म्हणाला, "घेऊ नका. दुसऱ्या बाजूला सातव्या मिनिटाला उडी आहे." मी तरीही घेतली. पुढच्या रविवारी तो तिथेच भेटला तेव्हा सांगितलं, "सात मिनिटं वीस सेकंद." तो एवढ्या मोठ्याने हसला की दुकानदारही हसायला लागला. "बँकेत आहात का हो?" मी म्हटलं, "नाही, कारखान्यात. तपासणी विभागात. आलेला माल मोजून बघायचा." तो पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मला गाण्यातलं फारसं कळत नाही हे मी त्याच दिवशी सांगून टाकलं. तो म्हणाला, "कळणारे पुष्कळ आहेत रे. मोजणारा कोणी नाही."

तेव्हा जुन्या रेकॉर्डींच्या नव्या आवृत्त्या यायला लागल्या होत्या. आधी सीडी, मग 'रीमास्टर' असं लिहिलेल्या सीडी, मग फोनवर. आम्ही दोघं जुनी आणि नवी शेजारी ठेवून ऐकायचो. दर रविवारी, दहा ते साडेबारा, त्याच्या कोपरीच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत. पद्धत ठरलेली होती. एकाने भिंतीकडे तोंड करून बसायचं, वहिनींनी पडद्यामागून जुनी किंवा नवी लावायची, आणि बसलेल्याने बोटं वर करायची, जुनीला एक, नवीला दोन. मग वहीत सहा रकाने भरायचे : सूर, वेळ, श्वास, तंबोरा, डग्गा, हॉल. वेळेचा रकाना माझा, बाकीचे त्याचे. वहिनी पडद्यामागून म्हणायच्या, "एकच गाणं दोन-दोनदा ऐकायला वेळ आहे, कोथिंबीर आणायला नाही." त्यावर श्रीधर भिंतीकडे तोंड ठेवूनच दोन बोटं वर करायचा.

तो जुन्याचा आंधळा भक्त नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो. नव्या आवृत्तीत डग्ग्याची घुमक मोकळी झाली असेल तर तो पूर्ण गुण द्यायचा. त्याची तक्रार सफाईबद्दल होती. खरखर काढताना तंबोऱ्याची झणकार जाते, हॉलमधली हवा जाते. गवई हळू आवाजात सुरुवात करतो ती तानेइतकीच मोठी करून ठेवतात. "भांडं इतकं घासलंय की कल्हईपण निघाली," असं त्याने एकदा वहीत लिहिलंय.

माझ्या रकान्यात मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. नवी आवृत्ती नेहमी छोटी भरायची. शंभर सेकंदांमागे दोन-सव्वादोन सेकंद कमी. कंपनी कुठलीही असो, गायक कोणीही असो, प्रमाण तेच. श्रीधर पेटीवर सूर तपासायचा तर नवीतला षड्ज जुनीपेक्षा किंचित चढा लागायचा. आम्ही निष्कर्ष काढला की सगळेच रेकॉर्ड थोडी पळवतात, गाणं तरतरीत वाटावं म्हणून. लेबलवर छापलेली वेळ आमच्या मोजणीपेक्षा नव्या आवृत्तीच्या जवळ जायची. तेव्हा आम्ही म्हणायचो, लेबलवाल्यांनी अंदाजे छापलंय. कारखान्यात सलग वीस खोक्यांमध्ये एकाच मापाची चूक आली असती तर मी आधी माझी मोजपट्टी तपासली असती. इथे तपासली नाही. मोजपट्टी म्हणजे श्रीधरचं मशीन होतं. ते त्याने जुनंच विकत घेतलं होतं, आणि त्यावर शंका घेणं मला सुचलंही नाही.

आता कुंदाताईबद्दल. श्रीधरची थोरली बहीण, त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. ती एका बुवांकडे गाणं शिकायची. बुवांच्या एका मैफलीची रेकॉर्ड निघाली, त्या मैफलीत मागे तंबोऱ्यावर ती होती. पुढच्याच वर्षी काविळीने गेली. तिचा एक फोटो आहे, तोही लग्नातल्या घोळक्यातला. वेष्टनावर तबल्याचं आणि पेटीचं नाव आहे, तंबोऱ्याचं नाही. पण रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला, चौदाव्या मिनिटानंतर, बुवांना खोकला येतो. चांगला दोन-तीनदा येतो. आणि तेवढा वेळ मागून एक मुलगी षड्ज धरून ठेवते, बुवा परत येईपर्यंत सोडत नाही. नऊ सेकंद. ती कुंदाताई. श्रीधरने मला हे ओळख झाल्यावर चार वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना आवाजही बदलला नाही. "बुवांना खोकला आला म्हणून ताई राहिली," एवढं म्हणाला आणि वही उघडली.

गेल्या वर्षी त्या रेकॉर्डची नवी आवृत्ती आली. वहिनींनी पडद्यामागून लावली. मी भिंतीकडे बसलो होतो, श्रीधर मागे. चौदावं मिनिट आलं, गेलं. खोकला नव्हता. बुवा एका आलापातून थेट दुसऱ्या आलापात गेले, मध्ये सांधाही लागला नाही, फार कौशल्याने जोडलं होतं. मी वळून पाहिलं तर श्रीधर उभा होता. "परत लाव गं," म्हणाला. परत लावली. मग म्हणाला, "खोकला साफ केलाय. त्याच्याबरोबर ती पण गेली."

आम्ही कंपनीला पत्र लिहिलं. मजकूर त्याचा, आकडे माझे. जुनी बाजू तेवीस मिनिटं आठ सेकंद, नवी बावीस मिनिटं एकोणतीस सेकंद. एकोणचाळीस सेकंद गायब आहेत, वेग वाढवला आहे, सूर चढवला आहे, आणि त्यात एका गायिकेचा आवाज नाहीसा झाला आहे. श्रीधर म्हणाला, "वेगाचं आधी लिही. आकडा दिसला की लोक घाबरतात." म्हणून कुंदाताई चौथ्या परिच्छेदात गेली. उत्तर दीड महिन्याने आलं, पाच ओळींचं. वेग मूळ टेपशी तपासला आहे, तो बरोबर आहे. आपल्या मशीनचा वेग तपासून घ्यावा ही विनंती. आवाजाबद्दल एक अक्षर नाही. ज्याचा पहिलाच आकडा चुकतो त्याचा चौथा परिच्छेद कोण वाचणार?

तेव्हा मात्र आम्हाला तसं वाटलं नाही. श्रीधरला अँजिओग्राफीनंतर जिना चढायला मनाई होती, तो दुसऱ्या मजल्यावरच अडकला होता, आणि चिडला होता. उत्तर वाचायला मी कोपरीला गेलो, ती आमची शेवटची भेट. "आपलं मशीन चुकतं म्हणे! घेऊन जा हे. तुझ्या पद्धतीने मोज आणि फेक त्यांच्या तोंडावर. तुझा आकडा म्हणजे आकडा, अनिल." वहिनी म्हणाल्या, "आणि चुकत असेल तर?" तो म्हणाला, "तू कोथिंबिरीचं बघ." मी मशीन चादरीत गुंडाळून रिक्षात ठेवलं. तो खिडकीतून ओरडला, "उलटं नको धरूस!"... मी उलटं धरलं नव्हतं.

तेरावं झालं, आणखी एक आठवडा गेला, आणि मी राहिलेलं काम हाती घेतलं. पहिल्यापासून शंभर फेरे मोजले. तीन मिनिटं चार सेकंद. पाच वेळा मोजले. पाचही वेळा एकशे चौऱ्याऐंशी सेकंद. मशीन मंद होतं. उघडून पाहिलं तर आतला रबरी पट्टा मूळ मापाचा नव्हता, आधीच्या मालकाने कधीतरी दुसराच बसवला असावा. म्हणजे इतक्या वर्षांचा माझा वेळेचा रकाना चुकीचा. पंचेचाळीस वह्यांमधला. मी कागद घेतला आणि हिशेब केला. तेवीस मिनिटं आठ सेकंद म्हणजे खरी बावीस मिनिटं अडतीस सेकंद. नवी आवृत्ती बावीस एकोणतीस. एकोणचाळीस सेकंदांपैकी तीस आमच्या मशीनचे होते. नऊ त्यांचे.

कोपरीला जाऊन वहिनींना सांगणं कठीण गेलं, पण सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दोघं इतकी वर्षं..." मी म्हटलं, "हो." त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "आणि ते नऊ सेकंद?"

"ते खरे आहेत. ते त्यांनीच कापले आहेत."

"मग आपल्या तीस सेकंदांची माफी मागा आणि नऊ मागून घ्या. रडताय काय?"

दुसरं पत्र मी एकट्याने लिहिलं. पहिल्या परिच्छेदात आधीची वेगाची तक्रार बिनशर्त मागे घेतली, मशीनचा दोष आणि मोजणी दोन्ही लिहिलं. दुसऱ्या परिच्छेदात फक्त नऊ सेकंद. कुठे सुरू होतात, कुठे संपतात, आणि जुन्या रेकॉर्डच्या तीन वेगवेगळ्या प्रती मिळवून तिन्हींत ते आहेत हे तपासलं, तेही. शेवटी लिहिलं : खोकला आम्हाला चालतो, कृपया खोकल्यासकट परत द्यावे. दहा दिवसांनी एका तरुण मुलाचा फोन आला. सफाईचं काम त्यानेच केलं होतं. "सर, मला ते डिस्टर्बन्स वाटलं. मागे कोणी गातंय हे हेडफोनवर ऐकू आलेलं, पण वाटलं प्रेक्षकातलं कोणी असेल. सॉरी, सर." मूळ टेप आहे म्हणाला, पण एकदा निघालेली आवृत्ती पुन्हा करायची तर वरच्यांना पटायला हवं. "ती कोण होती ते लेखी द्याल का? म्हणजे मला मागे लागता येईल." हा मुलगा मला आवडला. चूक कबूल करणारा माणूस तपासणी विभागात असावा असं मला नेहमी वाटत आलंय.

मूळ मापाचा पट्टा शोधायला बरेच दिवस गेले. बसवला, फेरे मोजले, शंभराला बरोबर तीन मिनिटं. गेल्या रविवारी मशीन कोपरीला परत नेलं. त्याच्या जागेवर ठेवलं. पडदा तसाच होता, पण पडद्यामागे आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून वहिनी बाहेर येऊन बसल्या. मी बुवांची रेकॉर्ड लावली. पेटीवर ताडून पाहिलं, बुवांचा षड्ज काळी एकवर चोख लागला. चौदा मिनिटं झाली. मग खोकला आला, आणि मागून तो आवाज.

फरक अर्ध्या पट्टीहूनही कमी आहे. कागदावर मी तो सांगू शकतो. पण खोलीत जे झालं ते कागदावर येत नाही. आम्ही जिला ओळखत होतो ती जरा संथ, जरा खालच्या आवाजाची बाई होती, कोणाचीही मोठी बहीण वाटावी अशी. ही कोवळी होती. षड्ज घट्ट धरला होता तिने, पण धरताना घाबरली होती, गुरूंचा खोकला थांबेल की नाही म्हणून. ते घाबरणं मंद मशीनवर कधी ऐकूच आलं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, ही तर लहान मुलगी आहे."

मी मान हलवली.

"यांनी अशी नाही ना ऐकली कधी?"

"नाही," मी म्हटलं. त्याच्याकडे हेच मशीन होतं, आणि ते तपासायचं काम माझं होतं.

त्यांनी डोळे पुसले, उठल्या, श्रीधरच्या टेबलावरचा कागद आणि पेन माझ्यासमोर आणून ठेवलं. "त्या मुलाला लेखी हवंय ना? लिहा. नाव लिहा, बुवांची शिष्या लिहा. आणि तेव्हाचं वय लिहा. खोकल्याबरोबर कोणाला काढलं ते वरच्यांना कळू दे." श्रीधरची खुर्ची ओढून मी तिथेच बसलो. सवयीने आधी आकडे लिहायला घेतले होते, ते खोडले, आणि पत्राची पहिलीच ओळ लिहिली : तंबोरा व स्वरसाथ, कुंदा, वय एकोणीस वर्षे.