हौसराव आबांची गाडी पास झाली

हौसराव आबा चिडले की अख्ख्या वस्तीला कळतं. पण मागच्या हिवाळ्यात लोक त्यांनाच हसले, भर चौकात टाळ्या देऊन हसले, आणि त्या हसण्याचा मला अजूनही संताप येतो. त्यातला एकही माणूस आज मान वर करून माझ्याशी बोलत नाही, तेही बरंच आहे.

आबा आमचे शेजारी. यवत आणि पाटसच्या मधे, हायवेपासून आत माळावर आमची वस्ती. आबांची सगळी नोकरी रांजणगावच्या एका कंपनीत तपासनीस म्हणून गेली. मशीनवरून आलेला भाग उचलायचा, मापाला लावायचा, बसला तर पास, नाहीतर लाल डब्यात. साहेबानं ‘चालवून घ्या’ म्हटलं तरी लाल डब्यातला भाग आबांनी कधी परत उचलला नाही. रिटायर झाले तरी ती खोड गेली नाही. बाजारात वांगी घेतानाही ते पास-नापास करत बसतात आणि भाजीवाला कपाळाला हात लावतो.

त्यांच्याकडं जुनी आठशे मोटार आहे, कार्बोरेटरवाली, पेट्रोलची. मुलगी अनुपमा शाळेत होती तेव्हा घेतलेली. आता अनुपमा शिरूरला नांदते, तिची पोरं शाळेत जातात, गाडी मात्र तीच. विकून टाका म्हणून सांगणारे कमी नव्हते. पण साखरबाईंना, म्हणजे आबांच्या मालकिणीला, दमा आहे. धाप लागली की त्यांचे ओठ निळे पडतात आणि दौंडला दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागते. मोटरसायकलवर त्यांना बसवत नाही, आणि अँब्युलन्सवाला फोनवर रस्ता विचारण्यातच वेळ घालवतो. दारात गाडी उभी असते म्हणून आबांचा डोळा लागतो, एवढं साधं गणित होतं.

त्या गाडीच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली. पुन्हा पासिंग करायचं तर आधी धुराची तपासणी, आपली पीयूसी. तिथंच घोडं अडलं.

हायवेच्या चौकात कडेला व्हॅन लावून बसणारा पप्पू हे काम करतो. त्याच्याकडं पीयूसी म्हणजे नंबरप्लेटचा फोटो आणि कागद. मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घालायची असते, हे त्याच्या गिऱ्हाइकांना ठाऊकसुद्धा नाही. आबांनी नळी घालायला लावली. पप्पू आधी हसला, मग कुरकुरला, मग घातली. धुरातल्या विषारी वायूचा तीन टक्क्यांच्या आत यायला हवा तो आकडा साडेपाचवर गेला. पप्पूनं लगेच उपाय काढला. पलीकडं एक नवी गाडी उभी होती, तिच्या सायलेन्सरला नळी लावतो आणि कागद तुमच्या नावानं देतो म्हणाला.

आबांचा पारा चढला. "मला कागद नगं, पप्पू," ते म्हणाले. "गाडी पास पायजे. नापास हाय तर नापास म्हण आन् गप बस."

खरं तर त्यात शहाणपणही होतं. पासिंगला आरटीओच्या साहेबानं पुन्हा नळी घातली तर पप्पूचा कागद काय कामाचा? पण लोकांना ते दिसलं नाही. म्हातारं आयता मिळणारा कागद सोडून आलं, असंच चहाच्या टपरीवर पसरलं.

मग आबांनी आणि मी गाडी यवतला अल्लाबक्षच्या गॅरेजला नेली. अल्लाबक्षचे वडीलही आबांच्या गाड्या बघायचे, त्यामुळं घरचा माणूस. त्यानं प्लग काढले, तर काजळीनं काळेकुट्ट. सायलेन्सरजवळ पेट्रोलचा वास. पेट्रोल जास्त जातंय आणि हवा कमी पडतीय, एवढं त्याला पहिल्याच दिवशी कळलं. पण हवा कुठं अडतीय ते सापडेना. हवेच्या फिल्टरचा डबा तसाच्या तसा उचलून त्यानं बाजूला ठेवला, कार्बोरेटर खोलून धुतला, जेट साफ केले, चोकची तार बघितली, सुई बदलली, डबा परत चढवला. स्क्रू इतका आवळला की सिग्नलला उभी राहिली की गाडी बंद पडायला लागली. आकडा जरासा उतरला आणि तिथंच अडून बसला. पप्पूच्या व्हॅनपुढं आमची ही वरात इतक्यांदा गेली की तो आम्हाला बघूनच खुर्ची पुढं सरकवायचा.

अल्लाबक्षनं फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडायला हात घातला की आबा तो हात बाजूला करायचे. फिल्टर नवा आहे, पाडव्याला टाकलाय, उगा उघडून धूळ घालू नको म्हणायचे. बापाच्या वयाच्या माणसाशी हुज्जत घालणं अल्लाबक्षला जमत नव्हतं. तो दुसरं काहीतरी खोलायचा.

आता वस्तीवरच्या गुऱ्हाळाचं सांगायला हवं, कारण माझा खरा राग तिथं आहे. आबांच्या भावकीतल्या भिमाजीचं गुऱ्हाळ आमच्या घरांपासून दोन शेतं सोडून आहे. चुलाणात रस काढून उरलेलं उसाचं चिपाड जाळायचं असतं. पण ओलं चिपाड नीट पेटत नाही, म्हणून भिमाजी ट्रकनं जुने टायर आणि प्लॅस्टिकचा कचरा आणून जाळतो. काळी, चिकट काजळी दिवसभर पडत राहते. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर पडते, ताटात पडते. वस्तीवरचा सगळा ऊस तिथं जातो आणि गुळाचे पैसे रोख मिळतात, मग बोलणार कोण? आबा एकदा बोलायला गेले होते. काकीचा दमा जुना आहे, डॉक्टरला विचारा, असं भिमाजीनं त्यांना ऐकवलं आणि वर चहा पाजला.

त्यामुळं आमच्या बायका प्रत्येक गोष्टीला फडका बांधतात. पाण्याच्या हंड्याला, पिठाच्या डब्याला, लोणच्याच्या बरणीला, टीव्हीला. साखरबाईंचा यात हात कुणी धरणार नाही. जुनी लुगडी फाडून, दुमडून, नाडी ओवून त्या फडके शिवतात आणि दर आठवड्याला उकळत्या पाण्यात धुतात. दुसऱ्या गावाला याचं हसू येईल. आम्हाला मात्र यात काही वेगळं वाटेनासं झालंय, आणि हीच खरी शरमेची गोष्ट आहे.

एके दिवशी साखरबाईंना दौंडला दाखवून आणलं आणि येताना तसंच यवतच्या गॅरेजला गेलो. त्या बाकड्यावर खोकत बसल्या होत्या. अल्लाबक्ष बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. त्यांनी सहज त्याला विचारलं, "बाबा, त्येचा फडका बदलला का रं? लई दिस झालं."

अल्लाबक्षनं डोकं बाहेर काढलं. "कसला फडका, काकी?"

पाडव्याला नवा फिल्टर टाकला, तेव्हा आबांनीच साखरबाईंकडून त्याला दुहेरी फडका शिवून घेतला होता. काजळीनं नवा फिल्टर खराब होऊ नये म्हणून. हंड्याला बांधावा तसा बांधला, वर झाकण लावलं आणि विसरून गेले. फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. आमच्याकडं फडका बांधणं ही सांगण्याजोगी गोष्टच नाही.

अल्लाबक्षनं या वेळी आबांना विचारलं नाही. झाकण काढलं. आत लुगड्याचा हिरवा काठ तेवढा ओळखू आला. बाकी फडका डांबर लावल्यासारखा काळा आणि ताठ झाला होता. त्यानं तो सोलून काढला, कार्बोरेटरचा स्क्रू जागेवर आणला आणि गाडी चालू केली. आवाजच बदलला. पप्पूच्या मशीनवर आकडा दोनच्याही खाली आला.

पप्पूनं कागद काढून दिला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "आबा, तुमीच गाडीचा गळा दाबून धरला व्हता की."

चौकातले सगळे हसले. टपरीवाला हसला, ट्रकवाले हसले. हेच ते हसणं. मला वाटलं आता आबा पप्पूची गचांडी धरतील, आणि धरली असती तर मी सोडवायला गेलो नसतो. पण आबांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते फडका नाकाशी धरून उभे होते. त्याला जळक्या टायरचा वास येत होता. त्यांनी एकदा फडक्याकडं बघितलं, एकदा गाडीत मागं बसलेल्या साखरबाईंकडं, आणि स्टिअरिंगवर बसले.

गाडी थेट गुऱ्हाळावर नेली. भिमाजी वाफ्यापाशी उभा होता. नुकताच ओतलेला गूळ वाफ्यात निवत होता. त्यानं आबांना या म्हटलं, गाडी पास झाल्याचं फोनवर कळलंय म्हणाला, काकींसाठी ताजा गूळ आणायला माणूस पिटाळला. आबांनी हातातला फडका त्या गरम गुळावर टाकला.

"गाडी पास झाली, भिमा," ते म्हणाले. "फडका काढला आन् झाली. हिच्या छातीतला कसा काढू, तेवढं सांग."

आबांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. भिमाजीनं खुरपं घेतलं, फडक्याखालचा गूळ तेवढा खरवडून काढला आणि फडक्यासकट चुलाणात टाकला. वाफा सारखा केला. बाकीचा गूळ बाजारात जाणार होता. आबा, तुम्ही दमलाय, घरी जाऊन पडा, असं त्यानं अगदी आदरानं सांगितलं. त्याचा तो आदर बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात गाडीचं पासिंग झालं. साहेबानं खरंच नळी घातली आणि गाडी खरंच पास झाली. दुसऱ्या दिवशी आबांनी साखरबाईंची दोन लुगडी, औषधं आणि पाण्याचा तांब्या मागच्या सीटवर ठेवला आणि त्यांना शिरूरला अनुपमाकडं पोचवलं. एवढा जीव टाकून पास केलेल्या गाडीची पहिली फेरी बायकोला तिच्या स्वतःच्या घरातून बाहेर काढण्यासाठी झाली.

तिथं त्यांना धाप लागत नाही. आबा दर रविवारी जातात. ते परत निघाले की साखरबाई प्रत्येक वेळी कपड्यांची पिशवी भरून दारात येऊन बसतात, आणि आबांना ती पिशवी त्यांच्या हातातून काढून घ्यावी लागते.