फळीवरची क्लचप्लेट

मिस्त्रीच्या हातांना वाचा होती, तोंडाला नव्हती. खडखडत आलेल्या गाडीच्या बॉनेटवर त्याचा हात असा पडायचा, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर आईचा. डोळे मिटून तो थोडा वेळ तसाच उभा राहायचा आणि मग "हं" म्हणायचा. त्या एका "हं"मध्ये दुखणं, औषध आणि पथ्य, तिन्ही असायचं. पण गिऱ्हाइकाला ते कळावं कसं? गिऱ्हाइकाला शब्द लागतात. म्हणून शब्दांचं खातं त्याच्या बायकोकडे होतं.

गॅरेज म्हणजे रस्त्याच्या वळणावरची पत्र्याची शेड. शेडच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्यांचं घर आणि मधल्या दाराला पडदा. पडद्याच्या अलीकडे ग्रीसचा वास, पलीकडे साबणाचा. मिस्त्रीण पलीकडे कामात असली तरी तिचा एक कान कायम अलीकडे असायचा. नवरा कुठे अडला की पडदा हलायचा.

आणि गिऱ्हाइकं तरी काय एकेक! एक डॉक्टर गाडी सोडताना दर वेळी म्हणायचे, "जरा बघून टाक, दोन मिनिटांचं काम आहे." पडद्याआडून उत्तर यायचं, "तुमच्या दवाखान्यात आम्ही असं म्हणतो का हो डॉक्टर?" एका दुकानदाराच्या गाडीत आवाज यायचा, पण मिस्त्री शेजारी बसला की गाडी एकदम गप्प. "तुला घाबरते रे ती," दुकानदार म्हणायचा, "तू रोज माझ्याबरोबर दुकानात येऊन बसत जा." तिसरा एक होता, तो आधी शेजाऱ्याच्या मेहुण्याला विचारून यायचा, रोगही स्वतःच सांगायचा आणि औषधही. मिस्त्री सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. राग आला की नट जरा जास्त पुसायचा, एवढंच.

त्याची एक पद्धत मात्र मोडायची नाही. शेडच्या तोंडाशी दोन पिंपांवर एक रुंद फळी टाकलेली होती. गाडीतून काढलेला प्रत्येक खराब भाग तो कापडाने पुसून त्या फळीवर मांडायचा. मालकाने तो हातात घेऊन बघायचा, मगच नवा भाग बसायचा. हे त्याचं बोलणं होतं. जे जिभेला जमत नव्हतं, ते फळी सांगायची.

या फळीची सगळ्यात जास्त उलटतपासणी करणारे गिऱ्हाईक म्हणजे ड्रायव्हरकाका. जन्मभर त्यांनी बस चालवली. मिस्त्री तेव्हा त्याच डेपोत बसच्या पोटाखाली पडलेला असायचा. काकांच्या हातून कधी कुणाला खरचटलं नव्हतं. बस अशी थांबायची की उभ्या माणसाचा तोल जायचा नाही. काकांनी "डावीकडे काहीतरी कुरकुरतंय" म्हटलं, की डावीकडे कुरकुर सापडायचीच. डेपोतले इंजिनिअरसुद्धा त्यांच्या शब्दावर बस उघडायचे. मिस्त्रीला त्या माणसाबद्दल आदर होता, आणि आदर असला की जीभ आणखी जड होते.

निवृत्त झाल्यावर काकांनी एक छोटी जुनी गाडी घेतली. ते तिला बससारखीच वागवायचे, आणि मिस्त्रीला डेपोतल्यासारखं. "बोल्ट तीन वेळा आवळ. पाना पुसून लाव. आणि हे ऑईल कुठल्या डबक्यातून आणलंस?" स्टूल ओढून बॉनेटला टेकून बसायचे, ते काम संपेपर्यंत. मागे क्लचप्लेट बदलली, तेव्हा नवी प्लेट त्यांनी हातात घेतली, उजेडात धरली, आणि खिशातून खिळा काढून मधल्या पोलादावर खूण कोरली. एक वर्तुळ आणि आत तीन रेघा. स्टेअरिंगच ते.

"हे कशाला, काका?" मिस्त्रीने विचारलं.

"उद्या तू काढून दुसरीच घातलीस तर? माझी प्लेट मला ओळखू आली पाहिजे."

पडदा हलला. "काका, नवऱ्यावर पण खूण करून ठेवा," मिस्त्रीण म्हणाली. "मलाही उपयोगी पडेल."

काका हसले. खिळा मात्र खिशात जपून ठेवला.

ती प्लेट टिकायला हवी होती. टिकली नाही. काही महिन्यांतच काका परत आले, ते संतापूनच. गाडी चढाला दम टाकत होती आणि जळका वास येत होता. "डुप्लिकेट माल घातलास तू," ते भर रस्त्यात म्हणाले. वळणावरच्या चहाच्या टपरीपर्यंत आवाज पोचला. मिस्त्री गाडीत त्यांच्या शेजारी बसला आणि एक चक्कर मारून आला. वाटेत त्याची नजर खाली गेली. काकांचा डावा पाय क्लचच्या पेडलवर ठेवलेला होता. गिअर बदलायचा नव्हता, थांबायचं नव्हतं, तरी पाय तिथेच. पाटावर ठेवावा तसा निवांत.

"काका, पाय..." मिस्त्री एवढंच म्हणाला.

"काय पाय? तू मला गाडी शिकवतोस? तू चालायला शिकत होतास तेव्हा मी घाट उतरत होतो."

मिस्त्रीने गाडी शेडमध्ये ठेवून घेतली. काका टपरीवर गेले आणि तिथे मिस्त्रीच्या मालाबद्दल जे बोलायचं ते बोलले. मेहुण्याला विचारून येणारं गिऱ्हाईक त्या संध्याकाळी यायचं होतं, ते आलंच नाही. दुकानदारानेही गाडी दुसरीकडे नेली. मिस्त्री फक्त नट पुसत राहिला.

"तुमच्या तोंडात पाना अडकलाय का हो?" मिस्त्रीण म्हणाली. "सांगा ना लोकांना, प्लेट चांगली होती म्हणून."

"सांगितलं की पुढचं पण सांगावं लागेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांची सून आली. हातात पिशवी, चेहरा ओढलेला. मिस्त्रिणीने तिला आत बोलावलं, पण ती शेडमध्येच उभी राहिली.

"मिस्त्रीदादा, एक सांगू? बाबांना सांगा, गाडी संपली. दुरुस्त होत नाही म्हणावं."

मिस्त्री वर बघेना.

"आमचं कुणाचं ऐकत नाहीत हो. परवा फाटकाच्या खांबाला घासली. विचारलं तर म्हणाले, खांब पुढे आलाय."

"नाचता येईना अंगण वाकडं," मिस्त्रीण पुटपुटली.

"तसं नाही वहिनी, ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं." सुनेने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "घरात चालताना पायातली चप्पल निसटते त्यांची. ते तसेच पुढे जातात. कळतच नाही. मीच मागून उचलून आणते आणि गुपचूप दाराशी ठेवते. आणि रोज शाळेतून माझ्या मुलीला गाडीतून तेच आणतात. दुसऱ्या कुणाला आणूच देत नाहीत."

आता मिस्त्रीने मान वर केली. हातातला पाना खाली ठेवला. "चांगल्या गाडीला मेलेली कशी म्हणू, सूनबाई? ते गाडीच्या अंगाला हात लावतील आणि त्यांना कळेल."

"मग खरं सांगा. तुमचं ऐकतील."

"बघतो," तो म्हणाला. सून गेली. त्या "बघतो"ला किती वजन असतं, हे मिस्त्रिणीला ठाऊक होतं. नवऱ्याने गाडीखाली सरपटून तोंड लपवलं, तेव्हा तिने पाय आपटून पडदा ओढला.

शेडमध्ये त्या दिवशी अगदी तशीच दुसरी गाडीही उघडलेली होती. ती शिंपीणबाईंची. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकलेली बाई. इतकी हळू चालवायची की मागून सायकलवाले घंटा मारत पुढे जायचे. तिच्याही गाडीची क्लचप्लेट निघाली होती, वयाने थकलेली. मिस्त्रीने दोन्ही प्लेटा पुसल्या आणि रोजच्यासारख्या फळीवर मांडल्या. दोन्ही शेजारी शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. चोर पकडायला यावं तसे, वेळेच्या आधीच. मिस्त्री हात धूत होता. काका थेट फळीशी गेले. आधी त्यांनी एक प्लेट उचलली. तिच्यावरचं अस्तर जळून काळं, काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. कडेला अस्तर धरून ठेवणारे रिव्हेट उघडे पडले होते. काकांनी नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ही त्या शिंपिणीची ना? अरे, काय हाल केलेत गाडीचे! पाय उचललाच नाही बाईने क्लचवरून. शिलाई मशीनचं पायडल समजली की काय?"

मिस्त्री नळ बंद करायचा विसरला.

काकांनी ती खाली ठेवून दुसरी घेतली. ती पातळ झाली होती, पण चहूकडून सारखी. नदीतला गोटा झिजावा तशी. काकांचा अंगठा तिच्यावरून मायेने फिरला. "ही बघ. याला चालवणं म्हणतात. आता तूच सांग, इतकी सारखी झिजलेली प्लेट वास कसा मारेल? तुझ्या कामात दोष दुसरीकडेच कुठेतरी आहे."

पडद्याआडचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

काकांनी पुन्हा जळक्या प्लेटकडे बघितलं. आवाज खाली आला. आता त्यात चेष्टा नव्हती. "मिस्त्री, हसण्यावारी नेऊ नकोस. तू सांग त्या बाईला. ज्याला आपला पाय कुठे आहे हे कळत नाही, त्याचा उद्या ब्रेकवरचा पाय पण असाच चुकणार. घरच्यांनी किल्ली काढून घ्यायला पाहिजे. हिच्या गाडीत एखादं लेकरू बसत असलं म्हणजे?"

मिस्त्रीने ओले हात विजारीला पुसले. जन्मभर जे फळीवर सोपवलं होतं ते आज फळीने अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं त्यालाच सांगायचं होतं.

"काका," तो म्हणाला, "ती प्लेट तुमच्या गाडीची आहे."

"कुठली?"

"जळलेली."

काका क्षणभर हसलेच. मग चिडले. "फसवतोस होय? म्हातारा झालो म्हणून? माझ्या प्लेटवर..." आणि बोलता बोलता त्यांनी जळकी प्लेट उलटी केली. पोलादावर काजळी होती. त्यांनी अंगठ्याने ती घासली. काजळीखालून एक वर्तुळ निघालं आणि आत तीन रेघा.

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. काका उभेच होते. प्लेट त्यांनी फळीवर ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ न देता. मग मागे पडलेल्या टायरवर बसले. मिस्त्रीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तांब्या त्यांच्याजवळ ठेवून ती तशीच उभी राहिली.

मग काकांनी डाव्या पायातली चप्पल हाताने काढली आणि पाय पुढे केला.

"दाब," ते म्हणाले.

"काका, राहू दे."

"दाब म्हणतो ना."

काकांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. मिस्त्री खाली बसला. त्याने काकांचा अंगठा आपल्या बोटांत धरला. अडकलेला नट सोडवणारी बोटं ती. आधी हलकं दाबलं, मग जोरात.

"दाब रे," काका रस्त्याकडे बघत म्हणाले.

"दाबलंय, काका."

काकांनी मान वळवली आणि मिस्त्रीच्या मुठीतल्या आपल्या पायाकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसं. "उजवा पण बघ," ते म्हणाले. उजव्याला थोडं कळत होतं. थोडंच.

"डॉक्टरांना दाखवायला हवं," मिस्त्रीण हलकेच म्हणाली.

"दाखवीन. दोन मिनिटांचं काम असेल." काकांनी हसायचा प्रयत्न केला. मग मिस्त्रीला म्हणाले, "नवी प्लेट आणलीस?"

मिस्त्रीने ती समोर धरली. काकांनी उजेडात फिरवून बघितली. सवयीने हात खिशात गेला, खिळा निघाला. टोक पोलादावर टेकलं. थोडा वेळ तसंच टेकलेलं राहिलं. मग त्यांनी खिळा मिस्त्रीच्या फळीवर ठेवून दिला.

"बसव," ते म्हणाले. "नीट बसव. सूनबाई येईल न्यायला. लग्नाआधी चालवायची म्हणे. मीच कधी हात लावू दिला नाही."

उठताना त्यांनी चप्पल हाताने घातली, दोन्ही पायांतल्या चपला डोळ्यांनी तपासल्या, आणि मग पाऊल टाकलं. टपरीपाशी ते थांबलेले मिस्त्रिणीला दिसले. टपरीवाल्याने विचारलं असावं, कारण काकांचा आवाज शेडपर्यंत आला, बसमध्ये मागच्या सीटपर्यंत जायचा तसा, "प्लेट चांगली होती. पाय वाईट होता."

गाडी न्यायला सून आली. बरोबर काका होते, शाळेतून आणलेली नात हाताला धरून. ते शेजारच्या सीटवर बसले आणि आपले दोन्ही पाय उचलून सरळ ठेवले. सुनेने किल्ली फिरवली. पहिल्यांदा गाडी हिसका देऊन बंद पडली. मिस्त्री, मिस्त्रीण आणि मागे बसलेली नात, तिघांनी काकांकडे बघितलं. काकांनी ओठ घट्ट मिटले होते.

"पुन्हा लाव," ते शेवटी म्हणाले. "घाई नाही. आपल्याला कोणी घंटा मारत नाहीये."

दुसऱ्यांदा गाडी निघाली. मिस्त्री फळीला टेकून ऐकत राहिला. पहिला गिअर, दुसरा. पाय पेडलवरून सुटला, पूर्ण सुटला. वळणावरून गाडी दिसेनाशी झाली, तरी तो डोळे मिटून उभाच होता.

"काय म्हणते?" मिस्त्रिणीने विचारलं.

"हं," तो म्हणाला.

"आज इतकं बोललात, अजून एखादा शब्द खर्चला असता तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, आणि फळीवरचा खिळा उचलून तिने तो पडद्याशेजारी भिंतीत ठोकला. त्यावर मिस्त्रीचा धुतलेला हातरुमाल अडकवला.