भाट्याच्या मडमा

सकाळी सहाला रत्नागिरीची एस.टी. मुंबईहून सुटली तेव्हाच मी दमलेली होते. निघण्याआधीच दमून घ्यायची विद्या मला पन्नाशीनंतर साधली आहे. मे महिना, खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली, मांडीवर चित्रं घालून आणायचं जाडजूड पुठ्ठ्याचं रिकामं बाड, आणि पुढे दहा तास. एका संग्रहालयात छापील चित्रांचा विभाग माझ्याकडे आहे. तिथली कपाटं आणि मी एकाच वर्षी लागलो, आणि आता दोघांच्याही बिजागऱ्या कुरकुरतात.

या प्रवासाचं कारण असं, की दिवाळीनंतर आम्ही पॅरिसच्या जुन्या फॅशनचं आणि तिथल्या शहरी राहणीचं प्रदर्शन भरवणार होतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसात महिन्याच्या महिन्याला फॅशनची चित्रं छापून निघत. नवे कपडे ल्यालेल्या दोन बायका, मागे बाग, नाटकगृह नाहीतर एखादा दिवाणखाना. रेघा छापलेल्या, रंग मात्र हाताने भरलेले. खाली बारीक अक्षरात टोपी कुणाची, झगा कुणी शिवला ते. गावोगावच्या बायका ती बघून शिंप्याला हैराण करत.

अशी बारा चित्रं रत्नागिरीजवळ भाट्याला एका घरी आहेत, असं पत्र मला दोन वर्षांपूर्वी आलं होतं. लिहिणारे अप्पा, निवृत्त हेडमास्तर. त्यांचे वडील मुंबईत एका फ्रेंच व्यापाऱ्याकडे कारकून होते. व्यापारी गाशा गुंडाळून गेला तेव्हा हा गठ्ठा त्यांना देऊन गेला. अप्पांना तो वडिलांच्या स्मरणार्थ संग्रहालयाला द्यायचा होता. पत्रात शेवटी लिहिलं होतं, ‘चित्रांवर घरातील स्त्रियांनी कापडाचे तुकडे चिकटवले आहेत, त्याचे काय करावे ते कळवावे.’

खरं म्हणजे तेव्हाच जाऊन बघायला हवं होतं. पण कोकणातला तो रस्ता, ते घाट, माझे गुडघे. आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन वर्षं काढली आणि अखेर माघात एक पत्र धाडलं: चिकटवलेलं कापड काढून चित्रं मूळ स्वरूपात मिळाल्यास संग्रहालय ती आनंदाने स्वीकारील. उलट टपाली उत्तर आलं. कापड काढलं आहे, चित्रं स्वच्छ आहेत, नेण्यास यावं. एक फेरी वाचली म्हणून मी स्वतःवर खूश झाले होते.

माझ्या शेजारी सावर्ड्याला उतरणारे एक गृहस्थ बसले होते. मुंबईला गिरणीत होते. पायाशी पत्र्याची ट्रंक, मांडीवर नवा रेडिओ.

“कुटं चाललाव बाय?” त्यांनी विचारलं.

“रत्नागिरीला.”

“म्हायेरी?”

“नाही हो. कामासाठी.”

ते मनापासून हसले. “कामासाटी कोकनात? आमी कामासाटी कोकन सोडून मुंबयला गेलाव, आनि तुमी उलट्या!”

कशेडी घाटात टायर बसला. ड्रायव्हर, कंडक्टर आणि निम्मी एस.टी. खाली उतरून सल्ले देऊ लागली. मी दगडावर रुमाल टाकून बसले आणि घाटातलं सुकलेलं गवत बघत राहिले. प्रवासवर्णनात अशा वेळी दरीचं सौंदर्य यायला हवं. दरी होती. पण घामाने साडी पाठीला चिकटली असताना दरी कितीशी दिसणार? तासाभराने निघालो, खेडला वडा-उसळ खाल्ली, चहा घेतला, आणि सावर्ड्याला रेडिओवाले उतरताना म्हणाले, “जपून जावा. कामाचा लय तरास करून घेव नका.” मी त्रास वाचवण्यात किती पटाईत आहे हे त्यांना कुठून कळणार!

हातखंब्याच्या पुढे कातळ (जांभ्या दगडाचं उघडं माळरान) लागला. गाडीत सगळीकडून पिकल्या आंब्यांचा वास येत होता. रत्नागिरीला पोचेपर्यंत पाच वाजले. रिक्षा करून खाडीवरचा पूल ओलांडला, नारळ संशोधन केंद्रावरून पुढे गेले, आणि सुरूच्या झाडांतून समुद्र दिसला. रिक्षावाल्याला थांबवून दोन मिनिटं बघावा इतपतही माझ्यात जीव उरला नव्हता.

अप्पा आगराच्या (नारळी-पोफळीच्या वाडीच्या) बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, उभेच होते. सत्तरीचे, ताठ, इस्त्रीचा सदरा. मागून त्यांच्या पत्नी मालतीबाई तांब्याभर पाणी घेऊन आल्या.

“कित्ती दमलात हो! आधी पाय धुवा. चित्रं काय पळून जातायत?” त्या म्हणाल्या.

रात्रीला कुळथाचं पिठलं, भात, फणसाची भाजी आणि वर आंबा. असं जेवण मला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. पण पिठल्यापेक्षा मला पलंग दिसत होता. चित्रं सकाळी बघू म्हटलं. अप्पांचा चेहरा जरा उतरला, तरी ते “बरं बरं” म्हणाले.

सकाळी चहा होताच अप्पांनी ओटीवर पांढरी चादर अंथरली आणि चित्रं एकेक करून मांडली. अकरा. मी चष्मा लावला आणि वाकले, आणि तशीच राहिले.

चित्रं स्वच्छ होती. इतकी स्वच्छ, की त्यांत काही उरलं नव्हतं. काळ्या रेघा तेवढ्या जाग्यावर होत्या. घेरदार झगे, चिमटीएवढ्या कमरा, छत्र्या, उंच टोप्यांतले पुरुष, बागेतली बाकं. रंग मात्र गेले होते. एका झग्याचा निळा ओघळून शेजारच्या कुत्र्यावर उतरला होता. एका बाईच्या गालाची लाली हनुवटीखाली जाऊन सुकली होती. आणि प्रत्येक कागदाच्या वरच्या कडेला दोन दोन खळगे.

“हे कसले?” मी विचारलं.

“चिमट्यांचे,” अप्पा अभिमानाने म्हणाले. “तांदळाच्या पिठाची खळ, ती काही सुटेना. मग परातीत कोमट पाणी घेऊन एकेक भिजवलं. कापड अलगद आलं. नंतर दोरीवर वाळत घातली. एकाचाही कागद फाटू दिला नाही. तुमचं पत्र समोर ठेवून केलं सगळं.”

मालतीबाई दाराशी उभ्या होत्या. “आता बरी दिसतायत ना?” त्यांनी विचारलं.

“छान जपलीत,” असं काहीतरी मी पुटपुटले. अप्पांनी बारावं चित्र वाळवीने खाल्लं असं सांगितलं, वडिलांच्या नावाची पाटी कशी असावी याचा कागद माझ्या हाती दिला, आणि ते आंबे उतरवणारे गडी आले म्हणून बागेत गेले.

ते दिसेनासे झाल्यावर मालतीबाई म्हणाल्या, “ताई, एक सांगायचंय. रागावणार नसाल तर.”

त्या आत गेल्या आणि ट्रंकेतल्या साड्यांखालून जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. “वाळवीबिळवी काही नाही. ही मी लपवली. हिला परातीत घालवेना हो मला.”

बारावं चित्र. नाटकगृहातली वरची बैठक, सज्जाच्या कठड्यावर रेललेली एक बाई, हातात पंखा, मागे वाकून बोलणारा एक मिशाळ गृहस्थ. खाली अंधुक चेहऱ्यांची गर्दी. पॅरिसात नाटकाला जायचं ते नाटक बघायला कमी आणि आपण दिसायला जास्त, हे मी प्रदर्शनाच्या टिपणात मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. त्या बाईचे खांदे उघडे असणार, कारण फॅशनच तशी होती. पण इथे तिच्या अंगात जांभळं पोलकं होतं. खरं, कापडाचं, फुग्याच्या बाह्यांचं, काठाला जरीची बारीक पट्टी. कपाळावर कुंकवाची टिकली. गळ्यात काळ्या मण्यांची पोत.

“चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हा या बाराही मडमा माजघरात टांगलेल्या,” मालतीबाई सांगू लागल्या. “चैत्राच्या हळदीकुंकवाला गौरीपुढे आरास करायची, तर सासूबाई म्हणाल्या, ह्या उघड्यावाघड्या बायका गौरीपुढे कशा मांडायच्या? अंगभर नेसव त्यांना. म्हणून पहिल्यांदा मी चोळ्या केल्या. मग दर चैत्रात नव्या. आपण नाही का सणाला नवं नेसत? तर ह्यांनी जुनंच घालून बसायचं?”

“दर वर्षी जुनी काढून नवी?”

“काढायची कशाला? वरूनच लावायची. बाईमाणसाच्या अंगावरचं काढू नये.”

मी खांद्यापाशी नखाने हळूच कड उचलली. जांभळ्या कापडाखाली पोपटी, त्याखाली फुलाफुलांचं, त्याखाली पातळ वायलचं, आणखी खाली काहीतरी लाल. वहीच्या पानांसारखे थर. मालतीबाई एकेका थरावर बोट ठेवत गेल्या.

“हे टेरिकॉट. आमच्या लेकीच्या, कुसुमच्या लग्नातलं. हे नायलॉन, पहिल्यांदा रत्नागिरीत आलं ते वर्ष. वाडीतली प्रत्येक बाई नवं पोलकं शिवलं, की तुकडा माझ्याकडे आणून द्यायची. कुणाचा कुठल्या मडमेला लागतो यावर भांडणं व्हायची. फुग्याच्या बाह्यांची टूम आली ना, तेव्हा पोरी हिच्याकडे बघून बाह्या कापायला शिकल्या. आणि हे तळातलं लाल, ते माझ्या लग्नातलं.”

त्या लालाच्या खाली, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथे चित्राचा मूळ गुलाबी रंग होता. काल भरल्यासारखा ताजा. तीस वर्षांच्या नोकरीत असा रंग मी पाहिला नव्हता.

मला एकदम फार थकल्यासारखं वाटलं, आणि हा थकवा एस.टी.चा नव्हता. अशी अकरा होती. पॅरिसची चित्रं जगात पुष्कळ उरली आहेत. पण भाट्याच्या बायकांनी चाळीस चैत्र ज्यांना आपल्या अंगावरचं कापड नेसवलं, अशी बाराच होती, आणि त्यांतली अकरा माझ्या एका ओळीने परातीत गेली होती.

“यंदा चैत्रात काय केलंत?” मी विचारलं.

“काय करणार? भिंत मोकळी. बायका आल्या, डाळ-पन्हं घेतलं, मडमा कुठायत विचारलं. मी म्हटलं, मुंबईला निघाल्यायत, तयारी चालू आहे. हसल्या सगळ्या.” त्यांनी धोतराची घडी सारखी केली. “लवकर गेल्या पण घरी.”

खोटं बोलणं सोपं होतं. कापडाने कागद खराब होतो, खळीला कसर लागते, तुम्ही केलंत ते योग्यच. यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“मालतीबाई, माझी चूक झाली,” मी म्हटलं. “कापड काढायला सांगायला नको होतं. या कापडासाठीच ही चित्रं न्यायला हवी होती. हे मला आज कळलं.”

त्यांनी पोत सरळ केली, मडमेची, स्वतःची नव्हे.

“मग आधी एकदा येऊन बघून का नाही गेलात?”

“लांब पडतं,” मी म्हटलं. दुसरं काही खरं कारण नव्हतंच.

“हो, लांब पडतं खरं,” त्या म्हणाल्या. रागावून म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी ते अगदी समजुतीने म्हटलं.

माझ्यातली नोकरदार बाई तरीही गप्प बसली नाही. “ही मला द्याल? अशीच्या अशी ठेवीन. तुमच्या नावाने.”

“नको हो,” त्यांनी चित्र धोतरात गुंडाळलं. “पुढच्या चैत्रात गौरीपुढे एक तरी हवी.” मग जरा विचार करून म्हणाल्या, “तुमच्या पोलक्याचा एक तुकडा मात्र धाडा. हिला लावीन. पोस्टानं धाडलात तरी चालेल, यायचा त्रास नका घेऊ.”

परतीच्या गाडीत अकरा चित्रं मांडीवर होती आणि पायाशी अप्पांनी दिलेली आंब्यांची करंडी. गाडी कुठेही बिघडली नाही, खिडकी उघडली, वाराही होता. सगळा रस्ता मी जागी होते.

प्रदर्शन झालं. अकरा मडमा भिंतीवर लागल्या, खाली अप्पांच्या वडिलांचं नाव. आमचे साहेब म्हणाले, रंग जरा उडालेत, पण रेषा सुरेख आहेत. लोक येत, पुढे जात. टिपणात मी कापडाची हकिकत लिहिली होती. जागा नाही म्हणून साहेबांनी ती गाळली, आणि वाद घालायचा मला कंटाळा आला. हेही इथे कबूल करते.

माझ्या करड्या पोलक्याच्या शिवणीत दुमडलेलं कापड होतं, त्यातला वीतभर तुकडा कापला, पाकिटात घातला, पत्ता लिहिला, तिकीट चिकटवलं. ते पाकीट चार महिने टेबलावर पडून आहे. पेटीत टाकायला खाली उतरायचं तेवढंच काम आहे, आणि एरवी मी ते केव्हाच केलं असतं. पण चैत्रात दहा तास बसून ते स्वतः नेऊन देणार आहे. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो, त्या घरी आणखी एक पत्र धाडायची मला लाज वाटते.