समाप्तच्या नंतर नाव

पडद्यावर बाप मरत होता आणि अमरावतीचं थेटर पोट धरून हसत होतं. माझ्या शेजारी डायरेक्टर मधुकरराव रुमाल चावत बसले होते.

मी डिस्ट्रिब्यूटर. म्हणजे पिक्चर वऱ्हाडापुरतं विकत घ्यायचं आणि थेटरांना लावायला द्यायचं. मधुकररावांची पाच विनोदी पिक्चरं मी गावोगाव चालवली. सहावं न पाहताच घेतलं. आमच्यात नावावरच सौदा होतो. हे पिक्चर रडकं आहे, हे त्यांनी सौद्याच्या वेळी सांगितलं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

इंटरव्हलला मॅनेजर गुलाबराव आले. "भाऊ, पब्लिक खूश हाये. बाप कवा उठते, याचीच वाट पाहून राहिले सारे."

मधुकररावांच्या प्रत्येक पिक्चरमध्ये कोणीतरी मेल्याचं सोंग घेऊन शेवटी उठायचं.

"लोकांना कळतच नाही," मधुकरराव म्हणाले.

मी भडकलो. "तुमीच शिकवलं ना त्यायले! आता काहून रडता?"

शुक्रवारी अकोल्याला पिक्चर लागायचं होतं. तिथंही लोक हसले असते, तर मधुकररावांना गंभीर पिक्चर पुन्हा कोणी करू दिलं नसतं. मी म्हटलं, "तुमचं नाव काढून टाका. ते पाहूनच लोक हसून राहिले."

"याच पिक्चरवर तर मला नाव हवंय!"

"मंग हसनं आयकत बसा."

घासाघीस झाली. ते पोस्टरवरून नाव काढायला तयार झाले, पडद्यावरून नाही. शेवटी मी म्हटलं, "पडद्यावर ठेवतो. पण समाप्तच्या नंतर."

"समाप्तनंतर कोण थांबतं?"

"पिक्चर चांगलं असन तर थांबतीन."

ते कबूल झाले. अकोल्याच्या ऑपरेटरनं पहिल्या रिळातला नावाचा तुकडा कापला आणि शेवटच्या रिळाला जोडला.

शुक्रवारी बाप मेला. कोणी हसलं नाही. बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू आले. समाप्त झालं तरी लोक बसूनच होते. मग नाव आलं.

मागून एकजण ओरडला, "अबे, हा तर आपला मधुकर! रडवलं ना बे यानं!" आणि ओले डोळे पुसत अख्खं थेटर हसलं. मधुकररावही हसले. रुमाल मात्र डोळ्यांनाच होता.

पिक्चर अकोल्यात चाललं. मग अमरावतीलाही तीच प्रिंट पुन्हा लावली.

मुंबईला जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, वऱ्हाडी प्रेक्षक फार जाणकार. माझं नाव घेतलं नाही. पुढचं पिक्चर नागपूरवाल्याला दिलं, कारण तो त्यांचं नाव सुरुवातीलाच दाखवायला तयार होता.

तेव्हापासून मी पिक्चर पाहिल्याशिवाय घेत नाही. आणि स्वतःचं नाव कुठं लागणार, ते सौद्याच्या आधी विचारून घेतो.